नौपाड्यातला कानातल्या बियांचा उपचार: एका पोळीवालीचं मत

ठाण्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. दिवसभर हातात लाटणं, त्यामुळे उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका कायमचाच. हाडांचे डॉक्टर म्हणाले, शिरेला सूज आहे, पट्टा बांधा आणि हाताला विश्रांती द्या. पट्टा बांधला. विश्रांतीचं म्हणाल तर सणाच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या ओट्याशी येऊन उभं राहावं, मग बोलू.

रोज डबा नेणाऱ्या एका काकूंनी कानावरच्या जागा दाबून दुखणं कमी करणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. गोखले रोडच्या आतली गल्ली, पहिला मजला. आत भिंतीवर कानाचं मोठं चित्र, त्यात उलटं बाळ: डोकं पाळीत, पाय वर, म्हणजे अंगाच्या प्रत्येक भागाची कानावर एक जागा. ल्याँ शहरातल्या पॉल नोजिए नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९५०च्या दशकात हा नकाशा मांडला, असं उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं. कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेवर कुणी वैदू कानाला डाग द्यायचा आणि लोकांना बरं वाटायचं, ते पाहून त्यांना हे सुचलं म्हणे. आपल्याकडेही भिकबाळीचे गुण सांगणारे कमी नाहीत.

बाईंनी स्पिरिटने कान पुसला आणि बोथट धातूच्या काडीने एकेक जागा दाबत गेल्या. एका जागी मी "आई गं" म्हणाले, तिथेच चिकटपट्टीवरची बी बसवली. व्हॅकेरिया नावाच्या झाडाची, मोहरीएवढी काळी. मनगटाची जागा वरच्या पन्हळीत, माझ्या बुगडीच्या भोकाच्या जरा खाली निघाली, म्हणून बुगडी उतरवावी लागली. दिवसातून तीन-चारदा मिनिटभर दाबायचं आणि काही दिवसांनी काढून टाकायचं.

माझा मुलगा फिजिओथेरपी शिकतो. त्याने लगेच १९८४चा एक अभ्यास काढला. मेल्झॅक आणि कॅट्झ यांनी जुन्या दुखण्याच्या ३६ रुग्णांवर केलेला. कानाच्या खऱ्या बिंदूंवर वीज दिली काय आणि दुसऱ्याच जागी दिली काय, दुखण्यात फरक नाही. बरं, नसेल. पण बी दाबायची म्हणून मला लाटणं खाली ठेवावं लागतं, आणि असं दर दोन-तीन तासांनी मला आजवर कुणी थांबवलं नव्हतं. ठणका थोडा उतरला. रात्री पट्टाही चालूच होता, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते ठरवता येत नाही. झोप मात्र नक्की सुधारली.

तक्रार चिकटपट्टीची. तव्यापाशी घाम येतो, पट्टी सुटते. बी कणकेत पडली आणि गिऱ्हाइकाच्या दाताखाली आली तर? मी कानावरून रुमाल बांधून काम केलं. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायका येणार हे ठाऊक असताना त्यांनी चांगली पट्टी आणायला हवी.

बाई कानात काही दिवस ठेवायच्या बारीक सुयाही लावतात. मला मधुमेह आहे आणि कानाच्या कूर्चेत जंतुसंसर्ग झाला तर निस्तरणं अवघड, म्हणून मी नाही म्हटलं. बाईंनी जराही आग्रह केला नाही. उलट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे त्यांनी आधीच विचारलं होतं, आणि डॉक्टरांची औषधं बंद करू नका हेही बजावलं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचारासाठी, वेगळा कायदा आहे. नोंदणी विचारली, तर कपाळावर आठी न आणता कागद दाखवला. याचे पूर्ण गुण. खालच्या फलकावर मात्र थायरॉइड, वजन, बहिरेपणा असं सगळंच लिहिलंय, ते वाचून माझा पाय जिन्यातच अडखळला होता. तो फलक उतरवला तर बरं.

एका वेळचे ३०० रुपये, रोख. गणपतीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आधी झोपेसाठी मी परत जाईन. मनगटासाठी पट्टाच. दुपारी गेलात तर गर्दी नसते, पण जिना उभा आहे आणि कठडा एकाच बाजूला, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी सोबत कुणाला तरी घेऊन जावं.