रेशनकार्डावर सहा नावं, उत्पन्न दोघांचंच

लालबागला आमच्या चाळीमागच्या गल्लीत एका ताईंचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, दोन स्टुलं. म्हाडाच्या घरांच्या सोडतीच्या अर्जासाठी गेले होते. माझ्याकडून पाचपैकी पाच.

2024 च्या सोडतीत मुंबईत 2030 घरं होती. तेव्हा दुसऱ्या एका एजंटकडे गेलो होतो. घरात कमावते किती, एवढंच त्याने विचारलं. ह्यांचे 31 हजार, माझे 24, दिराचे 30 आणि मामंजींचं नऊ हजार पेन्शन, सगळं एकत्र करून वर्षाचे 11 लाख 28 हजार काढले आणि म्हणाला, मध्यम गट. वर, सासऱ्यांच्या नावावर पागडीची (जुन्या भाडेपद्धतीची) खोली आहे, तुम्ही तसेही बाद. मध्यम गटातल्या किमती बघून आमचे हातपाय गळाले. अर्ज केलाच नाही.

ताईंनी आधी रेशनकार्ड मागितलं. आमच्या दोघांच्या नावांपुढे पेन्सिलने टिंब दिलं आणि बाकीच्या चार नावांवर तळहात ठेवला. "वहिनी, उत्पन्न धरतात ते नवरा-बायकोचं. सासरे, दीर एका छपराखाली असले तरी त्यांचा पैसा यात येत नाही." म्हणजे 6 लाख 60 हजार! मुंबईत 6 लाखांपर्यंत अत्यल्प गट, 9 पर्यंत अल्प, 12 पर्यंत मध्यम. आम्ही अल्प गटात. मध्यमलाही अर्ज करता येतो, खालच्या गटात मात्र नाही. पागडीचंही तसंच: नवरा, बायको, अज्ञान मुलं यांच्या नावावर मुंबईत घर नको. मामंजींच्या खोलीची आडकाठी नाही. दीरही स्वतःचा वेगळा अर्ज भरू शकतो. ऐकून माझे डोळेच भरून आले. एक अख्खी सोडत हातची गेली होती, तीही चुकीच्या बेरजेपायी.

पंतप्रधान आवासमधल्या घरांचा नियम वेगळा, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. तिथे अविवाहित मुलंही कुटुंबात धरतात आणि देशात कुठेही पक्कं घर असलेलं चालत नाही.

स्कॅनर एकच, त्यामुळे दीड तास बसावं लागलं. दीडशे रुपये घेतले. जाताना दोघांचंही आधार, पॅन आणि आयटी रिटर्न किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला न्या. मी फक्त ह्यांचाच नेला होता, म्हणून परत जावं लागलं.