बीटीआरएफएस की बीकॅशएफएस? घरच्या सर्व्हरवर डिस्क फॉरमॅट करण्याआधी

घरात जुना पीसी पडून आहे, त्यात दोन हार्ड डिस्क आणि एक छोटी एसएसडी. लिनक्स टाकून त्यावर फोटो आणि बॅकअप ठेवायचेत. एक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइल मांडण्याची पद्धत) नको, कारण त्यात तुमच्या डेटाचं चेकसम (डेटा बिघडला का हे पकडणारा पडताळणीचा आकडा) होत नाही आणि स्नॅपशॉटही (त्या क्षणाची जपलेली स्थिती) नाहीत. मग गाडी बीटीआरएफएस आणि बीकॅशएफएस या दोन फाइलसिस्टिमच्या नावांवर येऊन थांबते. बीकॅशएफएस लिनक्सच्या कर्नेलमध्ये (गाभ्यात) होतं तोवर मी 'करून बघा' म्हणालो असतो. आता बीटीआरएफएस म्हणतो. कागदावर बीकॅशएफएस आजही सरस आहे, पण अडचणीच्या दिवशी डिस्क माउंट कशी होणार, म्हणजे वापरायला जोडली कशी जाणार, यावर माझं मत फिरलं.

बीकॅशएफएस हे केंट ओव्हरस्ट्रीट यांचं काम. त्यांच्याच बीकॅश या कॅशिंगच्या (हळू डिस्कपुढे वेगवान एसएसडी लावण्याच्या) प्रकल्पातून ते वाढलं, २०१५ साली जाहीर झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये ६.७ कर्नेलसोबत मुख्य लिनक्समध्ये आलं, 'प्रायोगिक' ही पाटी गळ्यात घेऊनच. पुढे रिलीज कँडिडेटच्या टप्प्यात (नवी आवृत्ती येण्याआधी, फक्त दुरुस्त्या घ्यायच्या काळात) दुरुस्त्यांबरोबर नवं कामही पाठवण्यावरून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याशी वाजलं. ६.१७ मध्ये 'बाहेरून सांभाळलं जातं' असा शेरा बसला आणि २०२५ च्या शेवटी आलेल्या ६.१८ मधून कोडच काढला गेला. आता ते डीकेएमएस मॉड्यूल (कर्नेलला बाहेरून जोडायचा तुकडा) म्हणून घ्यावं लागतं, म्हणजे कर्नेल बदललं की मॉड्यूल तुमच्या मशीनवर पुन्हा बिल्ड होणार. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर त्यावर सही करणं आणि ती की मशीनमध्ये नोंदवणं हेही आलं. झेडएफएस ही तिसरी फाइलसिस्टिम परवान्याच्या भानगडीमुळे कर्नेलबाहेरच असते, त्यामुळे झेडएफएसवाल्यांना हे सगळं वर्षानुवर्षं पाठ आहे. पण मग कर्नेलबाहेरचंच काही घ्यायचं असेल तर झेडएफएस का नको, हा प्रश्न उरतोच.

बीकॅशएफएसचा मोह कशाचा, तर एसएसडीचा. फॉरमॅट करतानाच प्रत्येक डिस्कला लेबल देता येतं आणि सांगता येतं की नवं लिखाण आधी एसएसडीवर घे, मागाहून सावकाश हार्ड डिस्कवर हलव, आणि वारंवार वाचलं जाणारं पुन्हा एसएसडीवर आण. तीन सेटिंग्ज, बस्स. बीटीआरएफएसला असलं काही येत नाही. तिथे खाली एलव्हीएम कॅश किंवा बीकॅशचा वेगळा थर द्यावा लागतो आणि बिघाड शोधताना तो थरही डोक्यात ठेवावा लागतो. शिवाय बीकॅशएफएसमध्ये एन्क्रिप्शन आतच आहे, बीटीआरएफएसखाली लक्स हा एन्क्रिप्शनचा वेगळा थर लावावा लागतो. इथे बीकॅशएफएसला पैकीच्या पैकी.

माउंट करताना दोघांच्या सवयी वेगळ्या. बीटीआरएफएसच्या जोडीतली कुठलीही एक डिस्क दाखवली तरी चालतं, बाकीची कर्नेलला आधीच्या स्कॅनमधून माहीत असते. बीकॅशएफएसला सगळ्या डिस्क कोलनने जोडून एका दमात सांगायच्या, किंवा त्याच्या टूल्सच्या मदतीने यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) द्यायचा. एक डिस्क मेली तर बीटीआरएफएस मुकाट्याने माउंट होत नाही, 'डिग्रेडेड' हा पर्याय द्यावा लागतो. पहिल्यांदा हे घडतं तेव्हा डेटा गेला असं वाटून पोटात गोळा येतो, पण ते मुद्दाम तसं आहे. त्या अवस्थेत लिहिलेलं एकाच प्रतीत राहू शकतं, म्हणून नवी डिस्क बसवल्यावर बॅलन्स (डेटाची फेरमांडणी) चालवून सगळं पुन्हा रेड १ (सगळ्या डेटाच्या दोन डिस्कवर दोन प्रती) करून घ्यायचं.

हे सगळं खऱ्या डिस्कवर शिकू नका. चार-चार जीबीच्या दोन रिकाम्या फाइल बनवा, त्यांना लूप डिव्हाइस (फाइललाच डिस्क समजायला लावणारी सोय) म्हणून जोडा, रेड १ करून माउंट करा आणि निम्म्याहून जास्त भरेपर्यंत फोटो ओता. मग अनमाउंट करा, लूप सोडवा आणि एका फाइलच्या मधोमध डीडी या कॉपी करायच्या कमांडने काही शे एमबी कचरा लिहा. इथे डीडीला 'नोट्रंक' सांगायला विसरायचं नाही, नाहीतर फाइल तिथेच कापली जाते आणि तुम्ही भलतीच परीक्षा घेत बसता. पुन्हा माउंट करून स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) चालवा. चेकसम चुकलेले ब्लॉक दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त झाल्याचे आकडे समोर येतात. त्यानंतर एक फाइल पूर्ण काढून टाका आणि उरलेल्या एकीवर डिग्रेडेड माउंट करून बघा. दोन्ही फाइलसिस्टिमवर हा खेळ एका संध्याकाळी उरकतो.

दुरुस्तीच्या बाबतीत बीकॅशएफएसचा बाणा मला आवडतो: माउंट करतानाच एफएससीके (फाइलसिस्टिमची तपासणी) आणि 'चुका सुधार' असं सांगता येतं. बीटीआरएफएसच्या चेक कमांडचा रिपेअर पर्याय मात्र शेवटचा उपाय समजायचा. घाईत तोच आधी चालवणारे हात पोळून घेतात. आधी रीड-ओन्ली माउंट, मग रेस्क्यू पर्याय, तेही नाही जमलं तर रिस्टोअर कमांडने फाइल बाहेर काढणं, हा क्रम. पण या सगळ्यासाठी पेन ड्राइव्हवरून बूट होणारं लिनक्स लागतं आणि खरी गोम तिथेच आहे. बीटीआरएफएस जवळजवळ कुठल्याही लाइव्ह यूएसबीवर उघडतं. बीकॅशएफएससाठी योग्य आवृत्तीचं मॉड्यूल असलेली यूएसबी आधीच करून ठेवलेली हवी, कारण नव्या आवृत्तीने डिस्कवरचं स्वरूप पुढे नेलेलं असेल तर जुनं कर्नेल कुरकुर करू शकतं.

बीटीआरएफएसही काही सोवळं नाही. रेड ५ आणि ६ (पूर्ण प्रतीऐवजी पॅरिटीवर चालणाऱ्या रचना) घरच्या डेटासाठी आजही विचारात घेऊ नका. चार-सहा डिस्क असतील तर झेडएफएसचं त्याच धर्तीचं रेडझेड घ्या, विषय संपला. व्हर्च्युअल मशीनच्या इमेजसाठी कॉपी-ऑन-राइट (बदल जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहिणं) बंद केलं तर त्या फाइलचं चेकसमही जातं. पण दोन डिस्कचं रेड १ असेल तर मी बीटीआरएफएसच लावेन. फेडोरा डेस्कटॉपवर ते २०२० पासून डीफॉल्ट आहे, त्यामुळे अडलात तर विचारायला माणसं सापडतात.

तरीही एसएसडीच्या त्या सोयीसाठी बीकॅशएफएस घेणारच असाल, तर ते फक्त डेटाच्या डिस्कवर ठेवा, रूट, म्हणजे लिनक्स स्वतः, एक्सटी४ वरच राहू द्या. जुनं चालणारं कर्नेल ग्रबमधून (बूटच्या मेनूतून) काढू नका. आणि एफएसटॅबच्या (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या) त्या ओळीत 'नोफेल' लिहा, म्हणजे अपडेटनंतर मॉड्यूल बिल्ड झालं नाही तरी मशीन इमर्जन्सी मोडमध्ये न अडकता सुरू होईल आणि एसएसएच करून (दुसऱ्या मशीनवरून आत शिरून) दुरुस्ती करता येईल.