वेबजंक्शन : ग्रंथालय सेवकांसाठी मोफत प्रशिक्षण, आपल्याकडे कितपत उपयोगी?

सार्वजनिक ग्रंथालयातील सेवकांना नोकरी सांभाळून नवे काही शिकता यावे, यासाठी ‘वेबजंक्शन’ ही ऑनलाइन सेवा 2003 पासून चालू आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात मुख्यालय असलेली ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था ती चालवते. प्रारंभी तिला गेट्स फाउंडेशनचे अर्थसाहाय्य होते आणि पुढे तेथील अनेक राज्यांच्या ग्रंथालय खात्यांनी खर्चाचा वाटा उचलला. नोंदणी केली की जगातील कोणत्याही ग्रंथालयाच्या सेवकाला किंवा स्वयंसेवकाला तिचे अभ्यासक्रम आणि तासाभराच्या ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांचा संग्रह विनाशुल्क खुला होतो. मी तालुक्याच्या गावातील एका ‘ब’ वर्ग (शासनाच्या अ ते ड या श्रेणींपैकी दुसऱ्या) ग्रंथालयात देवघेव आणि बालविभाग सांभाळते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 नुसार मान्यता मिळालेल्या 11 हजारांहून अधिक ग्रंथालयांतून माझ्यासारखेच काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे परीक्षण लिहीत आहे.

आपल्याकडे ग्रंथालय प्रशिक्षण म्हटले की प्रमाणपत्र वर्ग, आणि तो हवाच. आलेल्या पुस्तकांची दाखल नोंदवही कशी ठेवावी, पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात 891.46 हा मराठी साहित्याचा वर्गांक कसा येतो, हे तिथेच पक्के होते. मात्र जो माणूस ग्रंथालयाची पायरीच चढत नाही त्याच्यापर्यंत कसे पोहोचायचे, हा प्रश्न निदान आमच्या वर्गात फारसा निघाला नव्हता. वेबजंक्शनचा भर नेमका तिथे आहे, आणि म्हणूनच ती पाहण्याजोगी आहे.

सर्वांत सकस वाटला तो ‘सुपरचार्ज्ड स्टोरीटाइम्स’ हा बालविभागासाठीचा अभ्यासक्रम. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधनावर तो आधारलेला असून त्याचे सांगणे असे, की गोष्ट सांगणाऱ्याने मुलांच्या अक्षरओळखीचा एखादा नेमका हेतू आधी ठरवावा, मुलांना गोष्टीत सतत बोलते करावे आणि आपले सत्र सहकाऱ्याला दाखवून त्याच्याशी चर्चा करावी. ऐकताना हे साधेच वाटते, पण करून पाहिल्यावर फरक कळतो. आमच्याकडे चिऊ-काऊची गोष्ट नेहमीचीच. या वेळी ‘काऊचं घर शेणाचं’ एवढे म्हणून मी थांबले आणि ‘चिऊचं घर कशाचं?’ असे विचारले, तेव्हा ‘मेणाचं’ हे उत्तर एका सुरात आले. त्यानंतर शेण आणि मेण यांच्याशी जुळणारे आणखी शब्द शोधण्यात मुले इतकी रंगली, की चिऊचे बाळ न्हाऊमाखू घालायचे राहूनच गेले. ध्वनींचे हे भान पुढे वाचायला शिकताना उपयोगी पडते, असा त्या अभ्यासक्रमाचा दावा आहे, आणि यमकाची आवड उपजत असणाऱ्या आपल्या बालगीतांना तो चपखल बसतो.

‘स्मॉल लायब्ररीज क्रिएट स्मार्ट स्पेसेस’ या प्रकल्पाचे साहित्य लोकसहभागाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. त्याच्या पहिल्या फेरीत अमेरिकेच्या ग्रामीण भागातील 15 लहान ग्रंथालयांनी भाग घेतला आणि जुन्या जागेतच लोकांना एकत्र येऊन काही करता येईल असे कोपरे तयार केले. त्यांची पद्धत अशी, की काय हवे ते कार्यकारी मंडळाने बसून ठरवायचे नाही. आधी बाहेर पडायचे, लोकांशी बोलायचे आणि मगच कमी खर्चात काहीतरी करून पाहायचे. आमच्या आठवडी बाजारात आम्ही बचत गटाच्या काही महिलांना ग्रंथालयाचे नावही न काढता त्यांचा दिवस कसा जातो एवढेच विचारले. दुपारी एक ते तीन हाच त्यांचा मोकळा वेळ, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या दाराला कुलूप असते. सभासद का वाढत नाहीत यावर वार्षिक सभेत होणाऱ्या चर्चेत हे कधी निघाले नव्हते. आता आठवड्यातून एक दुपार ग्रंथालय उघडे ठेवावे असा प्रस्ताव मंडळापुढे आहे. त्या वेळेचे मानधन कोणी द्यायचे, यावर घोडे अडले आहे.

ग्रंथपाल दिन, वाचन प्रेरणा दिन, मराठी भाषा गौरव दिन हे आपण दरवर्षी साजरे करतो, फलक लावतो, छायाचित्रे काढतो आणि अहवालाला जोडतो. त्या दिवसांना माझा विरोध नाही. पण पाहुणे, हारतुरे आणि आभारप्रदर्शन यांत गावकऱ्यांचे म्हणणे ऐकायला जागाच उरत नाही, आणि अशा कार्यक्रमाला लोकसहभाग म्हणावे का, याचा विचार वरील साहित्य पाहिल्यावर नक्की होतो.

अडचणीही आहेत. जवळपास सगळे साहित्य इंग्रजीत आहे आणि दहावी-बारावीनंतर या कामात आलेल्या सेवकाला ते एकट्याने पेलणे कठीण जाते. व्याख्यानांना असलेल्या उपशीर्षकांचा थोडा आधार होतो. थेट व्याख्याने अमेरिकेतील दुपारी होतात, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते, त्यामुळे ध्वनिचित्रमुद्रणावरच समाधान मानावे लागते. बराच मजकूर तेथील परिस्थितीशी बांधलेला आहे: अफूजन्य औषधांच्या व्यसनाची साथ आणि ग्रंथालये हा विषय तिकडे तातडीचा असेल, पण आपल्या अनुदानाच्या टप्प्यांचा, अर्धवेळ सेवकांचा किंवा ‘ड’ वर्गातील एकखांबी कारभाराचा तिथे मागमूस असण्याचे कारण नाही. शिवाय अभ्यासक्रम संपल्यावर मिळणारे प्रमाणपत्र आपल्याकडे वेतनासाठी धरले जाईल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

यादी मोठी आहे, म्हणून वरचे दोन विषय आधी घ्यावेत आणि शोधपेटीत लहान व ग्रामीण ग्रंथालयांसाठीचे साहित्य निवडावे. महानगरी ग्रंथालयांची व्याख्याने आपल्याला तूर्त दूरची आहेत. अनेक व्याख्यानांसोबत गटाने चर्चा करण्यासाठी एक प्रश्नपत्रक दिलेले असते आणि ते उतरवून घेऊन त्यात आपले बदल करता येतात. माझ्या मते व्याख्यानापेक्षाही हे पत्रक कामाचे आहे. तालुक्यातील चार-पाच ग्रंथालयांच्या सेवकांनी एकत्र बसून, इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या एकाने व्याख्यान थांबवत थांबवत मराठीत सांगावे आणि बाकीच्यांनी पत्रकातील प्रश्नांची उत्तरे आपापल्या गावापुरती लिहावीत. असे करायला एक संगणक आणि एक सुटीची सकाळ पुरते.