पातळ की जाड? एकच ग्राफिक्स कार्ड, दोन गेमिंग लॅपटॉप

बजेट ठरलं, ग्राफिक्स कार्डही ठरलं, आणि आता गाडी अडली आहे ती पातळ घ्यावा की जाड यावर, अशांसाठी हे लिहितोय. पातळ म्हणजे झेफिरस जी१४ किंवा ब्लेड १४च्या जातीतले, दीड-पावणेदोन किलोचे. जाड म्हणजे लीजन ५, ओमेन १६ वगैरे, बहुतेक सव्वादोन किलोच्या पुढचे. आमच्या घरात दोन्ही जाती आहेत. धाकट्या भावाकडे पातळ, माझ्याकडे जाड, आणि दोन्हींत एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड. कंपन्यांची नावं सांगत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाही, जाडीचा आहे. आता पुढच्या पिढीचं ५०६० आलं असलं तरी प्रश्न तोच राहतो.

कार्डाचं नाव एक असलं तरी कार्ड एक नसतं, हे तुम्हाला माहीत असेलच. लॅपटॉपमधलं ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा कंपनीला असते, वर डायनॅमिक बूस्ट, म्हणजे गरजेला मिळणारी जादा वीज, वेगळी. त्यामुळे पातळ लॅपटॉप फ्रेम्समध्ये (सेकंदाला किती चित्रं दाखवतो त्यात) सपाटून मार खाणार असं वाटतं. तसं होत नाही. शंभर वॅटच्या आसपास गेल्यावर हे कार्ड जास्त वीज घेऊनही फारसं पुढे सरकत नाही, त्यामुळे ऐंशी-नव्वद वॅटचा पातळ लॅपटॉप बराच जवळ येतो. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये तर मला दोन्हींत फरक सांगता येत नाही. सायबरपंकसारख्या जड गेममध्ये रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी सोय) लावलं की माझा थोडा पुढे जातो, पण डीएलएसएस (लहान चित्र काढून ते एआयनं मोठं करणारी, कार्डावरचा भार हलका करणारी सोय) चालू केल्यावर तेवढ्यासाठी कोणी भांडणार नाही.

स्क्रीन पातळाची सरस. टचपॅड, स्पीकर, बॅटरी, सगळंच थोडं उजवं. (बॅटरीवर गेम खेळायचा विचार मात्र दोन्हींवर सोडून द्या.)

मग मी जाड का घेतला? आवाजामुळे.

आमचं घर नागपूरला, दोन खोल्यांचं. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत कुठलाच लॅपटॉप ऐकू येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात याचा निर्णय करूच नका. खरी परीक्षा दिवाळीत. कूलर बंद, पंखा बंद, रात्रीचे अकरा वाजून गेलेले, आणि सुट्टीला घरी आलेला भाऊ गेम सुरू करतो. लहान पात्याच्या पंख्याला तेवढीच हवा ओढायला जास्त वेगानं फिरावं लागतं, आणि वेग वाढला की सूर चढतो. पलीकडच्या खोलीतून आई विचारते, “काय रे ते भुणभुणून राहिलं?” हेडफोन लावून बसलेल्या भावाला याचा पत्ताच नसतो. त्याच्या मित्रांना मात्र असतो. माइकमधून त्यांना वाटतं की आमच्याकडे मध्यरात्री मिक्सर लावलाय.

जाड लॅपटॉप गप्प बसतो असं नाही. पूर्ण ताकदीवर माझाही जोरात ओरडतो. डेसिबल मोजले तर कदाचित दोघं सारखेच भरतील. पण त्याचा सूर खालचा आहे, भिंत ओलांडून टोचत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला हात आखडता घ्यायला सांगता येतं. बॅलन्स्ड मोड (पूर्ण ताकद न लावणारा मधला मोड) लावतो, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधून फ्रेम्स साठवर बांधतो, आणि तरीही गेम नीट चालतो. तेवढी उष्णता त्याचे मोठे पंखे आरामात काढून टाकतात. पातळाला शांत मोडवर टाकलं की तो कार्डाची वीजच इतकी कापतो की जड गेम अडखळतात. म्हणजे तिथे शांतता किंवा खेळ, एकच निवडायचं. मला तरी ते पटलं नाही.

उन्हाळ्याचा आणखी एक मुद्दा. परीक्षणं बहुतेक एसीच्या खोलीत होतात. आमच्या खोलीत दुपारी चाळीस अंशांच्या आसपासची हवा असते आणि पंखे तीच आत ओढतात. खोली पंधरा अंशांनी तापली की आतलं तापमानही जवळपास तेवढंच वर जातं, किंवा लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. जाडाकडे इथे थोडी जास्त सवड असते.

रॅमचंही बघून घ्या. जाडात सहसा दोन स्लॉट मिळतात, म्हणजे रॅम नंतर वाढवता येते. पातळांत बरेचदा रॅम बोर्डावरच जोडलेली असते, जी१४मध्ये २०२४ पासून तसंच आहे. तिथे १६ जीबीचा घेतलात तर तो कायमचा १६च. आणि त्याच कार्डासाठी पातळाला पैसेही जास्त पडतात.

तरीही रोज लोकलनं जाणाऱ्याला, किंवा कॉलेजात दिवसभर पाठीवर वागवणाऱ्याला मी जाड घे म्हणणार नाही. भाऊ पुण्याला होस्टेलवर असतो, त्याला त्याचा लॅपटॉप शोभतो. तिथे एवीतेवी सगळेच जागे असतात. पण लॅपटॉप आठवड्याचे सहा दिवस टेबलावरच राहणार असेल आणि घरात कोणाची झोप सावध असेल, तर माझं वजन कुठल्या पारड्यात आहे हे तुम्ही ओळखलंच असेल.

दुकानात आवाज कळणार नाही, तिथला गोंगाटच जास्त असतो. ओळखीत कोणाकडे असेल तर रात्री त्याच्या घरी अर्धा तास जड गेम लावून बघा, दार लावून पलीकडच्या खोलीतून ऐका. आणि जाड घेतलात तर बॅगही बघून ठेवा: जुन्या पंधरा इंची बॅगेत सोळा इंची लॅपटॉप सहसा शिरत नाही, आणि त्याच्या ॲडाप्टरला वेगळा कप्पा लागतो.