जुन्या घराची ओल आणि ‘मोफत तपासणी’: आमची झालेली फसवणूक

वाईतला आमचा वाडा पणजोबांनी बांधलेला. दगडी जोतं, त्यावर विटांच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौलं. बोळाकडच्या भिंतीला पावसाळ्यात ओल यायची, लोणा (भिंतीवर फुलणारे पांढरे क्षार) फुटून पोपडे पडायचे. म्हणून काकांनी मोफत तपासणीची जाहिरात करणाऱ्या एका वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं.

त्यानं ओल तपासायचं मीटर काढलं आणि दोन सुया बरोबर लोणा धरलेल्या जागी टोचल्या. मीटर जोरात वाजलं. “काका, ओल जमिनीतून चढतेय. यंदा काम केलं नाहीत तर भिंत बसेल.” भिंतीला भोकं पाडून केमिकल भरायचं, वरून सिमेंटचा गिलावा, दहा वर्षांची गॅरंटी. १,४०,००० रुपये, निम्मे आगाऊ. हा माणूस बोळात गेला नाही, कौलांवर चढला नाही, ओल कधीपासून आहे हेसुद्धा त्यानं विचारलं नाही.

आम्ही काम करून घेतलं. पुढच्या पावसात ओल सिमेंटच्या वर, छातीच्या उंचीला निघाली. कोपऱ्यातल्या तुळईचं टोक भिजायला लागलं. फोन केला तर म्हणाला, “बाहेरून येणारं पाणी गॅरंटीत नाही.” कार्डावर बारीक अक्षरात तसं छापलेलं होतंच.

मग चुन्याची कामं केलेले एक वयस्कर गवंडी आले. त्यांचा पहिलाच प्रश्न: “बाकीच्या तीन भिंती कोरड्या कशा? जमीन तर एकच आहे.” ते बोळात जाऊन उभे राहिले. थरावर थर पडून तिथला रस्ता जोत्याच्या वर आलाय, त्याचा उतार आमच्या भिंतीकडे आहे, आणि वर पन्हळीचा सांधा सुटलाय. कौलांचं सगळं पाणी भिंतीवर आपटत होतं.

सिमेंट फोडल्यावर आतल्या विटा बोटानं उकरता येतील इतक्या मऊ झालेल्या दिसल्या. चुन्यातून भिंतीचं पाणी बाहेर पडून वाळतं. सिमेंटनं ती वाट बंद केली, म्हणून ओल वर सरकली. केमिकलची भोकं जेमतेम चार बोटं खोल होती, आणि भिंत दोन फूट जाडीची! शिवाय दोन्ही बाजूंना वीट आणि मध्ये दगडगोट्यांची भर अशी तिची बांधणी. तिथं ओल अडवणारा केमिकलचा सलग थर होणारच कसा? त्याचे पैसे मात्र भिंतीच्या पूर्ण जाडीइतक्या खोल भोकांच्या हिशोबानं घेतलेले.

मीटरचंही सांगते. ते ओल थेट मोजत नाही, वीज किती वाहते ते मोजतं, आणि ओलसर क्षारातून वीज सहज वाहते. माजघरात, पाण्याचा संबंध नाही अशा आतल्या भिंतीत एक कोनाडा आहे. तिथं पूर्वी मिठाची बरणी असायची. भाच्यानं ऐन पावसाळ्यात तसलंच मीटर तिथं लावून पाहिलं, तर तेही वाजलं. मीठ दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. लोणा धरलेल्या जागी मीटर वाजवून दाखवणं हा पुरावा नव्हेच.

जुन्या घराची ओल बघायला कोणी आलं तर आधी त्याला बाहेर न्या, भर पावसात पन्हळ दाखवा, रस्ता आणि जोतं यांची पातळी मोजायला लावा. कारण कोणतं आणि ते कशावरून ठरवलं, हे सहीनिशी लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. आम्ही भोकात टेप घालून काढलेले फोटो, पावत्या आणि गॅरंटी कार्ड जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तुमचंही असं झालं असेल तर सिमेंट फोडण्याआधी आणि फोडताना, दोन्ही वेळचे फोटो काढून ठेवा.