हरणासाठी रायफल: ७×५७ माउझर की ६.५ क्रीडमूर?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. त्यामुळे हे लिहितोय ते अमेरिका-कॅनडात रीतसर परवाना काढून व्हाइटटेल हरणांच्या हंगामात जंगलात जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी. दुकानदार बहुधा प्लॅस्टिकच्या दस्त्याची, सुट्या मॅगझीनची ६.५ क्रीडमूर पुढे करतो. जुन्या रायफलींच्या रॅकवर कधीतरी माउझर ९८ बांधणीची ७×५७ दिसते. (७×५७ आणि ६.५ क्रीडमूर ही काडतुसांची नावं, माउझर ९८ ही १८९८ ची जर्मन लष्करी रायफल.) प्रश्न या दोघींतलाच आहे.

काडतुसांवरून भांडण्यात फारसा अर्थ नाही. एक १८९० च्या दशकातलं, दुसरं २००७ चं. क्रीडमूरची १४३ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोळी सेकंदाला साधारण २७०० फुटांनी निघते, ७×५७ ची १४० ग्रेनची साधारण २६६० नी. दोन्हींचा नेम २०० यार्डांवर बरोबर बसवला (याला झीरो म्हणतात), तर ३०० यार्डांवर पडण्यातला फरक इंचाच्या आसपास. कुमाऊंत जिम कॉर्बेट वापरत ती .२७५ रिग्बी म्हणजे हेच काडतूस, फक्त नाव इंग्रजांनी दिलेलं. ४०० यार्डांपलीकडे, वाऱ्यात, क्रीडमूर सरस आहे हे मान्य. पण दाट झाडीत तेवढं लांब दिसतं तरी कुठे?

माझ्यासाठी निकाल लागला तो काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या त्याच्या जागेत, जाण्याच्या रीतीवर. बहुतेक स्वस्त नव्या रायफलींत बोल्ट (हाताने मागेपुढे करायचा दट्ट्या) काडतुसाला नुसता मागून ढकलतो. एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा पंजा) काडतुसाच्या बुडाच्या कडेवर चढतो तो बोल्ट पूर्ण पुढे जाऊन बंद होताना. गुडघ्यावर बसून, हातमोजे घालून, घाईत बोल्ट थोडा आधीच थांबला आणि मागे ओढला गेला, की पहिलं काडतूस चेंबरमध्येच राहतं. पुढच्या फेरीत दुसरं त्याच्या बुडावर जाऊन अडकतं, आणि टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर) टेकते, जे मला मुळीच आवडत नाही. मग मॅगझीन काढा, बोल्ट मागे घ्या, अडकलेलं काडतूस बोटांनी सोडवा, नळी वर करून चेंबरमधलं खाली पाडा. तोवर हरीण गेलेलं असतं. जखमी असेल तर ही चूक फार महागात पडते, आणि ती किंमत आपण नाही, ते जनावर मोजतं.

माउझर ९८ मध्ये काडतूस मॅगझीनच्या ओठांतून सुटताच त्याची कड एक्स्ट्रॅक्टरच्या लांब पंजाखाली सरकते. बोल्ट अर्ध्यावरून मागे घेतला तरी काडतूस त्याच्यासोबत मागे येतं, रायफल कशीही धरलेली असो. सवय एकच लावायची: बोल्ट मागे घ्यायचा तो शेवटपर्यंत. केस बाहेर फेकणारा इजेक्टर स्थिर असतो, तो शेवटच्या टप्प्यावरच काम करतो. सावकाश ओढलं तर रिकामी केस अलगद हातात येते. रिकामी केस पुन्हा भरून वापरणाऱ्यांना (रीलोडिंग) याचं मोल सांगायला नको. शिवाय आतलं मॅगझीन कुठे पडायची भीती नाही.

जुनीचा खर्च मात्र लपवत नाही. ७×५७ ची पेटी गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही, चार-पाच पेट्या एकदम घेऊन ठेवाव्या लागतात. लष्करी माउझरवर दुर्बीण बसवायची तर भोकं पाडणं, बोल्टचा दांडा खाली वळवणं आणि दुर्बिणीला आपटणारी मागची उभी सेफ्टी बदलणं, ही तीन कामं गनस्मिथची. ते टाळायचं तर सर्बियाची झस्तावा एम ७० किंवा जुनी ब्रनो २१ बघा. लाकडी दस्ता पावसात फुगून नळीला टेकतो आणि झीरो सरकतो. मागची बटप्लेट काढून उघड्या लाकडावर आणि आतल्या खाचांत टंग तेलाचे तीन-चार पातळ हात द्यायचे, रीकॉइल लगच्या (धक्का दस्त्यावर घेणाऱ्या खालच्या खुंटीच्या) मागे इपॉक्सीचं बेडिंग, म्हणजे पक्की बैठक, करायचं. नळीखालून कागदाची पट्टी सहज सरकली पाहिजे.

विकत घेताना शिक्का नीट वाचा. १८९३ आणि १८९५ च्या माउझरमध्ये ९८ चा तिसरा सेफ्टी लग (बोल्टला अडवून धरणारी जादा खुंटी) नाही. अमेरिकी कारखाने ७×५७ अजूनही सौम्य भरतात (दाबाची मर्यादा ५१,००० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला पौंड, क्रीडमूरची ६२,०००) ते याच जुन्या रायफलींमुळे. युरोपातली पेटी जास्त दाबाची असते, ती १८९३ मध्ये घालू नका. गो आणि नो-गो गेजने (मापाच्या ठोकळ्यांनी) हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांत काडतुसाला मिळणारी जागा, तपासून घ्या. मूळ लष्करी नळीचा घसा (चेंबरच्या लगेच पुढचा भाग) १७३ ग्रेनच्या लांब गोळीसाठी कापलेला असतो. १४० ग्रेनची गोळी विखुरली तर रायफलीला दोष देण्याआधी १६० किंवा १७५ ग्रेन मारून पाहा.

आणि काडतूस नेहमी मॅगझीनमधूनच भरा. हाताने थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट रेटला तर पंजा कडेवर चढत नाही, जोर लावला तर तुटतोही. चेंबरमध्ये एक ठेवून वर मॅगझीनही पूर्ण भरता येत नाही, कारण भरायला बोल्ट उघडावा लागतो आणि उघडला की चेंबरमधलं बाहेर येतं, हे लक्षात ठेवा: एकूण पाचावर समाधान माना.