निळ्या मर्फीत भूतकाळ कितपत सुटतो?

रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज', म्हणजे निळ्या मुखपृष्ठाचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसनं १९८५ मध्ये पहिल्यांदा काढलं. २०१९ च्या पाचव्या आवृत्तीत १४५ युनिट आहेत: डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर सराव. इथे तपासायचाय तो फक्त भूतकाळ, म्हणजे मुख्यतः युनिट ५ ते १८.

सर्वात उपयोगी आहेत १३ आणि १४. साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ तिथे शेजारी ठेवलेत. 'यस्टर्डे', 'लास्ट वीक', 'इन २०१५' अशी संपलेली वेळ आली की 'हॅव' बाद. 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' ही चूक इथेच सुटते. युनिट ७ मधला 'गॉन' आणि 'बीन' यांतला फरक तर मराठी माणसाला आयताच कळेल: 'पुण्याला गेलाय' म्हणजे 'हॅज गॉन', 'जाऊन आलाय' म्हणजे 'हॅज बीन'.

कमी पडतं ते युनिट १५, पूर्ण भूतकाळ. पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यामुळे आपला नेमका घोटाळा त्यात येत नाही. 'काल मी पुण्याला गेलो होतो' यातलं 'होतो' सांगतं की जाऊन परतही आलो. इंग्रजीतल्या 'हॅड'ला हा अर्थच नाही. त्याला भूतकाळातली दुसरी घटना लागते, जिच्या आधी हे घडलं: स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती, 'द ट्रेन हॅड लेफ्ट'. म्हणून 'आय हॅड गॉन टु पुणे यस्टर्डे' एवढंच वाक्य अर्धवट वाटतं; तिथे 'आय वेन्ट' हवं. 'हॅड' लिहिण्याआधी स्वतःला विचारा, 'कशाच्या आधी?' उत्तर वाक्यात किंवा आधीच्या मजकुरात सापडलं नाही, तर 'हॅड' काढा.

दुसरी उणीव सरावाची. युनिटच्या नावातच काळ दिलेला असला की विद्यार्थी विचार न करता तोच भरत सुटतो आणि सगळं बरोबर येतं. पुस्तकाच्या शेवटी मिश्र सराव आहे, तो बरेच जण उघडतही नाहीत. काळाची निवड खरी तिथेच करावी लागते. क्रम असा ठेवा: ५, ६, मग ७ आणि ८, लगेच १३, १४, त्यानंतर १५, आणि आठवड्याभरानं मिश्र सराव. ९ ते १२ नंतर केली तरी चालतील, पण ११ गाळू नका. 'दहा वर्षं इथे राहतोय' याचं 'आय ॲम लिव्हिंग' होतं ते तिथे दुरुस्त होतं: 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स'.

युनिट १८ मधलं 'यूज्ड टु' म्हणजे आपलं 'जायचो, खेळायचो'. पण किती काळ ते सांगितलं की ते चालत नाही. 'तीन वर्षं तिथे राहायचो' याला 'लिव्ह्ड देअर फॉर थ्री इयर्स' म्हणायचं.

घेताना उत्तरांसह असलेली आवृत्ती घ्या, कारण उत्तरांशिवायचीही मिळते. घरी एकट्यानं शिकणाऱ्याला तिचा उपयोग नाही. अगदी सुरुवातीला असाल तर निळं घेऊ नका. त्याच लेखकाचं लाल पुस्तक सोप्या पातळीचं आहे.